घरचंच तोंड

"सोमवारपासून तुम्ही पुढे बसायचं," मालक म्हणाले आणि माझ्या हातातली सुरी अलगद काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "फोन घ्यायचे, आलेलं काम कोणाकडे द्यायचं ते बघायचं. मऊ खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे. तुम्हीच मागे लागला होतात ना?"

लागले होते, खोटं कशाला बोलू. कंबर धरली की मी त्यांच्यामागे भुणभुण लावायची, मला पुढे बसवा म्हणून. आता बसवत होते, तर माझी नजर त्या सुरीवरून हलेना.

आमचं दुकान कवळ्यांचं. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात. आम्ही त्याचा पांढरा साचा करतो, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवतो आणि मेणात एकेक दात बसवतो. ती मेणाची कवळी पेशंटला घालून बघायची, पसंत पडली की मेण उतरवून पक्की करायची. त्यानंतर देवालासुद्धा त्यातला दात हलवता येत नाही. दात बसवायचं काम माझं. दुकानात सगळे मला कवळीबाई म्हणतात. माझ्या स्वतःच्या तोंडात अजून सगळे माझेच आहेत, पण ऐकतो कोण.

गेले काही महिने उजवा हात थरथरत होता. आधी चहाचा कप धरताना, मग सुरी धरताना. कोपर टेबलाला टेकवून, श्वास रोखून मी निभावून नेत होते. वाटत होतं कोणाला पत्ता नाही. मालकांना होता. त्यांनी चकार शब्द काढला नव्हता, एवढंच.

"एक कवळी करू द्या," मी म्हटलं. "ताईची. माप येऊन पडलंय. मग बसते तुमच्या खुर्चीत."

मालकांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "शनिवारपर्यंत," म्हणाले. "पुढे गेलं तर मग दुसऱ्याकडे देऊ."

ताई माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि आता दोघी म्हाताऱ्या एकाच घरात एकमेकींवर डाफरत असतो. तिचा आयुष्यभराचा एकच प्रश्न: "तुला नक्की हवंय तरी काय?" कॉलेज संपल्यावर मी या दुकानात आले ती सुट्टीपुरती. मग बँकेच्या परीक्षा देणार होते. मग शिवणाचं दुकान टाकणार होते. एकदा तर लोकांना गाडी चालवायला शिकवणार होते, स्वतःला साधी सायकल येत नसताना. हे आपलं तात्पुरतं, तात्पुरतं म्हणता म्हणता केस पिकले. ताईने विचारलं की मी फणकारायची, "हे नको, एवढं नक्की."

त्या संध्याकाळी ती दुधात पाव कुस्करून खात बसली होती. दात सगळे काढलेले, गाल आत गेलेले. खुर्चीचं सांगितलं तर बोळक्या तोंडावर हात धरून हसली.

"सुटलीस बाई एकदाची. तोंड गोड कर आता."

मला रडूच फुटलं. या वयात, स्वयंपाकघरात उभ्याने.

"अगं, झालं काय?"

"मला ती खुर्ची नकोय, ताई."

"मग काय हवंय?"

"तेच टेबल हवंय. तो दिवा, ते मेण. उद्या सकाळी जाऊन कोणाच्या तरी तोंडात दात बसवायचे. दुसरं काहीच नको मला. कधीच नको होतं."

ताईने वाटी खाली ठेवली.

"आत्ता कळलं होय गं तुला," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं. मग माझा उजवा हात तिने स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. "माझे तरी नीट कर."

नीट म्हणजे काय, ते मला माहीत होतं. ताईच्या पटाशीच्या दाताशेजारचा एक दात जरासा पुढे आलेला होता. त्याची तिला जन्मभर लाज. हसताना हात तोंडावर गेलाच म्हणून समजा. मोकळी हसायची ती फक्त माझ्या लहानपणी, सकाळी आरशासमोर माझी वेणी घालताना, कारण हात माझ्या केसांत अडकलेले. मला तो दात फार आवडायचा. तो मी तिला परत देणार होते.

दुकानात माझा नियम, आणि त्यावरून मी सगळ्यांना झापलेलं आहे: पेशंटचा जुना फोटो समोर असल्याशिवाय मेणाला हात लावायचा नाही. ताईचा फोटो मी नेलाच नाही. घरचंच तोंड, त्याला फोटो कशाला? डॉक्टर म्हणाले, मेणाची कवळी एकदा घालून बघू. मी म्हटलं, घरचंच तोंड आहे हो, राहू द्या. खरं म्हणजे मला भीती होती. काही दुरुस्ती निघाली असती तर शनिवार उलटला असता आणि ताई दुसऱ्याच्या हाती गेली असती.

हातानेही त्या दिवसांत शहाण्यासारखी साथ दिली. मी इतकी सुखात होते की डबा खायचीही आठवण राहत नव्हती. शेवटी तो दात बसवला, सुरीच्या टोकाने जरासा पुढे ओढला आणि मागे सरकून बघितलं. साच्यातून ताई हसत होती.

शनिवारी डॉक्टरांनी पक्की कवळी तिच्या तोंडात बसवली. गाल भरून आले. मी समोर उभी होते, मला अगदी बरोबर दिसत होतं. मग डॉक्टरांनी तिच्या हातात आरसा दिला आणि मी कौतुकाने तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

आरशात तो दात भलत्याच बाजूला होता.

ताईचं हसू मी पाहिलं होतं ते वेणी घालतानाच्या आरशात. तेच मनात धरून मी साच्यावर उतरवलं होतं, उलटं. नवशिक्याने केलं असतं तर मी त्याला दिवसभर सोडलं नसतं.

ताईने बोट उचललं. आपल्या जुन्या जागी नेलं. तिथला दात सरळ होता. बोट सावकाश दुसऱ्या बाजूला गेलं आणि तिथे थांबलं.

"ताई, दे इकडे," मी म्हटलं. "परत करते मी."

ती आरशातून माझ्याकडे बघत होती. मी तिच्या खुर्चीची पाठ धरली होती आणि ती खुर्ची हलत होती.

"कशाला?" ताई म्हणाली. "अगदी माझेच आहेत." आणि डॉक्टरांकडे बघून हसली, तोंडावर हात न ठेवता.

सोमवारपासून मी पुढे बसते. खुर्ची खरंच मऊ आहे. मागून तापल्या मेणाचा वास आला की मी पंखा वाढवते. फोन डाव्या हाताने उचलते.

घरी ताई आता सारखी हसते, समोर बसून, मला दिसेल अशी. मला काय हवंय, ते मात्र विचारत नाही.