दाराकडे तोंड

आमच्या घरातली एक खुर्ची कुणी हलवत नाही. भिंतीला पाठ, दाराकडे तोंड, अशी ती असते आणि तिच्यावर आमचे हे बसतात. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले, तेव्हापासून दाराकडे पाठ केली की यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

आमच्या प्रेरणाला बघायला कन्नड तालुक्यातले पाहुणे येणार म्हटल्यावर माझा भाऊ कडुबा सकाळीच आमच्या पुंडलिकनगरातल्या घरी हजर झाला. "ताई, ही मानाची जागा पाहुण्यांना. दाजी इकडं बसतील." इकडं म्हणजे दाराला पाठ देऊन. वर मला बजावलं, "अन् दाजींच्या त्या गोळ्या बीपीच्या हायेत, समजलं? मनाच्या डॉक्टरचं नाव काढशील तर स्थळ हातचं जाईल." मी मान डोलावली. एरवी मी कडुबाचं एक ऐकत नाही, पण पोरीच्या लग्नाचं निघालं की भलीभली शहाणी बाई मऊ पडते.

पाहुणे आले. मुलाचे वडील सर्जेराव आमच्या यांच्या खुर्चीत बसले, शेजारी मुलगा ऋतुराज आणि त्याची आई मनकर्णाबाई. हे समोर, दाराला पाठ देऊन बसले. गल्लीतून मोटारसायकल गेली, यांची मान गर्रकन मागे. फाटक वाजलं, पुन्हा मागे. हातातले पोहे तसेच राहिले.

"तब्येत बरी नाय का?" सर्जेरावांनी विचारलं.

"बीपी हो, बीपी!" कडुबा घाईघाईने म्हणाला.

हे उठून उभे राहिले. "बीपी नाय. चौकीवर पाठीमागून गोळीबार झाला. माझ्या तुकडीतले दोन जवान गेले. तवापासून दाराला पाठ देऊन बसवत नाय. मनाच्या डॉक्टरांचा इलाज चालू हाय. आधी झोप नव्हती, आता लागते. पोरगी तुमच्या घरात द्यायची, म्हणून सांगतो."

कडुबाने कपाळावर हात मारून घेतला. स्थळ गेलं, हे मलाही कळलं. पण खरं सांगते, यांना पदक मिळालं तेव्हाही माझा ऊर असा भरून आला नव्हता.

सर्जेराव खुर्चीतून उठले. "हवालदारसाहेब, तुम्ही इथं बसा." आणि हात धरून त्यांनी यांना बसवलं.

मनकर्णाबाईंनी बशी खाली ठेवली. "आता आम्हालाबी खरं बोलावं लागंल," त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "आमच्या ऋतुराजचा एक साखरपुडा मोडलाय. तुम्हाला सांगायचं नाय, असं ठरवूनच आलो व्हतो."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून प्रेरणाचं हसू ऐकू आलं. "झालं का सगळ्यांचं सांगून? मग आता आम्ही दोघं बोलतो." ती ऋतुराजला घेऊन गच्चीवर गेली. मी चहा दोनदा गरम केला तेव्हा कुठे दोघं खाली उतरली. प्रेरणाने आधी यांच्याकडे बघितलं आणि मग हो म्हणाली.

पाहुण्यांना निरोप द्यायला आम्ही फाटकात आलो, तर शेजारणी जमलेल्याच. त्यातल्या एकीने विचारलं, "भाऊजी आत का बसले? बरं नाय का?"

"काय नाय, जरा बीपी..." कडुबाने पुन्हा सुरू केलं.

"गप रे कडुबा!" मी अशी ओरडले की अख्ख्या गल्लीने ऐकावं. "बीपी नाय. आमचे मालक फौजेतले हायेत. मनाच्या डॉक्टरकडं जातात, अन् मी सोबत जाते. अजून काय विचारायचंय?"