बाहेरचं बाक

माफी कशी मागू नये हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं थोरलीच्या दिराकडे शिकवणी लावावी. त्यांच्या धर्मातल्या नव्या वर्षाचा सण आटोपला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी या गृहस्थानं अंथरुणात बसून, तोंडही न धुता, एकशे बेचाळीस माणसांची एका दमात माफी मागून टाकली. मोबाइलवर. 'वर्षभरात माझ्याकडून कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनानं क्षमा करावी', आणि खाली जोडलेले दोन हात, नव्या वर्षाचं गोड म्हणून एक सफरचंद आणि मधाची बरणी.

थोरलीचं शिक्षण दुसरीपर्यंतचं. तिनं शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवलं, चष्मा नाकावर सरकवला आणि एकेक अक्षर जुळवत ते वाचून काढलं. मग समोर बसलेल्या धाकट्या जावेला, त्याच दिराच्या बायकोला, विचारलं, "हे मला पाठवलंय?"

"तुम्हालाच की, ताई."

"मला एकटीला?"

"एकटीला कसं? यादीच केलीय यांनी. प्रार्थनाघराचे सभासद, गल्लीतले शेजारी, दुकानातली गिऱ्हाइकं..."

"म्हणजे मी आणि ज्याच्या चष्म्याची काडी सैल झालीय तो, दोघं एकाच टोपलीत."

"दूधवाल्यालाही गेलाय," जाऊ तोंडावर पदर धरून म्हणाली. "त्याचा लगेच फोन. काय झालं साहेब, उद्यापासून दूध बंद का?"

थोरलीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. या घरात ती हसली की समोरचा सुटला असं सगळे समजत.

नवं वर्ष आणि मोठा उपवास यांच्या मधले हे दिवस त्यांच्या लोकांत हिशेब मिटवायचे. देवाकडे जे चुकलं ते देव बघतो, पण माणसाकडे जे चुकलं त्यासाठी त्या माणसाच्याच दारात जावं लागतं. तीनदा. तीनदा खऱ्या मनानं मागूनही समोरच्यानं दिली नाही, तर ओझं मागणाऱ्याच्या डोक्यावरून उतरतं आणि न देणाऱ्याच्या डोक्यावर बसतं. ही रीत थोरलीला तिच्या सासऱ्यांनी सांगितली होती, आणि दिरालाही त्यांनीच. फरक एवढाच की दिराला त्यातला आकडा तेवढा लक्षात राहिला.

दीर म्हणजे घरचा सोन्या. थोरली लग्न होऊन आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि सासू जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या शाळेच्या चड्ड्या हिनं शिवल्या, गोवर निघाला तेव्हा पंधरा दिवस हिनं उशाशी काढले. आता सोन्या साठीला आला होता. चौकात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि साडेतीन वर्षं तो प्रार्थनाघराचा अध्यक्ष होता. सगळं गाव त्याच्याकडून नजर तपासून घेई. थोरलीचं म्हणणं, एकदा त्यानं स्वतःची तपासावी.

झालं होतं ते असं. तीन वर्षांपूर्वी, मोठ्या उपवासाच्या दिवशी, थोरलीची लेक नवऱ्याला घेऊन प्रार्थनाघरात आली. जावई इलेक्ट्रिशियन, त्यांच्या धर्मातला नव्हे. पण त्याच उन्हाळ्यात त्यानं प्रार्थनाघराची सगळी वायरिंग बदलून दिली होती आणि मजुरी म्हणून एक कप चहा घेतला होता. बायकोबरोबर त्यानंही त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. दारात अध्यक्षसाहेब उभे. म्हणाले, आज आत फक्त सभासद आणि त्यांचं कुटुंब, पाहुण्यांनी बाहेरच्या बाकावर बसावं. लेक म्हणाली, "काका, हा माझं कुटुंब नाही?" काका म्हणाले, "नियम म्हणजे नियम, पोरी." मग तीही बाकावर बसली. चपलांच्या घोडीशेजारचं ते लोखंडी बाक, दुपारभर ऊन. लेकीला तेव्हा पाचवा महिना.

संध्याकाळी शिंग फुंकलं गेलं, उपवास सुटला, आत सरबताचे पेले फिरले. बाहेर कुणी पेला नेला नाही. त्या दिवसापासून लेक माहेरी आली नाही. नात झाली, रांगली, चालायला लागली, ते सगळं थोरलीनं फोटोत पाहिलं.

आणि यंदा प्रार्थनाघरानं कूस बदलली. दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला. 'सर्वांचं स्वागत' अशी पाटी लागली. उपवास सुटल्यावरचं जेवण पूर्ण गल्लीला, धर्म कुठलाही असो. ज्यांनी बाहेर लग्नं केली त्यांनी जोडीदाराला घेऊन यावं, शेजारी बसावं. चांगलंच होतं ते. थोरलीनं स्वतः चाळीस माणसांच्या जेवणाची जबाबदारी अंगावर घेतली होती. तिला सलत होतं ते इतकंच, की ज्यानं दार लावलं त्याच्याच गळ्यात दार उघडल्याचे हार पडत होते, आणि बाकाचं नावही कुणाच्या तोंडी नव्हतं. नवा रंग देऊन ते तिथंच ठेवलं होतं, हिरवंगार.

चार दिवसांनी सोन्या स्वतः आला. हातात मधाची बरणी, खरी. थोरली प्रार्थनाघराच्या कपाटाचा पडदा शिवत होती. आत ग्रंथाच्या गुंडाळ्या असतात त्या कपाटाला या दिवसांत पांढरा पडदा लागतो. जुना विरला होता.

"वहिनी, मोबाइलवरचं तुम्ही मनावर घेतलंत म्हणे. म्हणून तोंडानं मागायला आलो. माझं काही चुकलं असेल तर—"

"बसा, अध्यक्षसाहेब."

सोन्या बसला. वहिनीनं अहो-जाहो केलं की तो अजूनही शाळेतल्यासारखा पाय जुळवून बसे.

"काय चुकलं तुमचं?"

"म्हणजे... वर्षभरात माणसाकडून काही ना काही..."

"काय ते सांगा. मापाशिवाय मी कापड कापत नाही."

"आता ते एकेक कुठं आठवत बसणार, वहिनी!"

"मग मी तरी एकेक कुठं माफ करत बसू?"

सोन्यानं बरणी मशीनच्या फळीवर ठेवली. उठताना थोडा चिडूनच म्हणाला, "दोनदा झालं, वहिनी. रीत तुम्हालाही माहितीय. तिसऱ्यांदा नाही म्हणालात तर माझ्यावर काही राहणार नाही."

"बरं झालं मोजताय. मला तर वाटलं, नुसते चष्म्याचे नंबर मोजता येतात."

तो गेला. थोरलीनं मशीन पुन्हा सुरू केलं आणि अर्धी कड झाल्यावर तिच्या लक्षात आलं की कापड उलट्या बाजूनं धरलंय. सबंध पट्टी चुकली होती. पन्नास वर्षांत तिनं असं केलं नव्हतं.

शिकाऊ पोरी अशा वेळी वरून इस्त्री फिरवून वेळ मारून नेतात. थोरली तिच्याकडे शिकणाऱ्या पोरींना तेवढ्यावरून घरी पाठवायची. चुकलेली शिवण उसवायची. जिथून चुकली तिथपर्यंत, एकेक टाका. तिनं ब्लेड घेतलं आणि उसवायला बसली. टाका टाका मागं जाताना तिचं मनही मागं गेलं, आणि नको तिथं जाऊन थांबलं.

त्या दिवशी ती पहिल्या रांगेत होती. दाराकडे पाठ. "हा माझं कुटुंब नाही?" हे तिनं स्पष्ट ऐकलं होतं. गुडघ्यावर हात ठेवून उठायलाही लागली होती. मग शेजारच्या बायकांनी माना वळवल्या, आणि तिला वाटलं, अध्यक्षाच्या घरातलीच बाई भर प्रार्थनेत तमाशा करते म्हणतील. ती पुन्हा टेकली. पाच तास टेकून राहिली. शिंग वाजल्यावर सरबताचा पहिला पेला तिच्याच हातात दिला गेला, आणि तिनं तो प्यायला.

तीन वर्षं ती सोन्याला बोल लावत होती. लावायचाच होता. पण त्या आवाजाखाली स्वतःचा हा पेला तिनं बेमालूम झाकून ठेवला होता. ब्लेडनं बोटाला चीर गेली. पांढऱ्या कापडाला डाग नको म्हणून तिनं बोट तोंडात धरलं आणि तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन बस बदलून लेकीच्या घरी गेली. दार जावयानं उघडलं. खिशात टेस्टर, हातात वायरचं भेंडोळं, कामाला निघालेला. त्याच्या पायामागून एक चिमुरडी डोकावली आणि या अनोळखी बाईकडे बघून परत लपली.

"आई? आत या ना."

"आधी बोलते, मग आत बोलवायचं का ते ठरवा." थोरली उन्हातून आली होती, पण तिनं पाणी मागितलं नाही. "त्या दिवशी तुम्हाला बाहेर बसवलं ते मी ऐकलं होतं. मी उठले नाही. लोक काय म्हणतील म्हणून. आणि शिंग वाजल्यावर मी सरबत प्यायले, तुम्ही दोघं बाहेर तहानलेले आहात हे माहीत असून. हे माझं चुकलं. माफी मागायला आलेय."

जावई भेंडोळं हातात फिरवत राहिला. "सरबताचं मला काही वाटलं नव्हतं, आई," तो सावकाश म्हणाला. "संध्याकाळी आतले दिवे लागले ना, तेव्हा वाटलं. ते मी बसवले होते." मग भेंडोळं खाली ठेवून, "तुमचं मी मनात ठेवत नाही. पण हिच्या वतीनं मी बोलू शकत नाही."

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वजन उतरलं होतं. हनुवटी मात्र थोरलीचीच, वर उचललेली.

"मला दुपारभर तुझी पाठ दिसत होती," ती म्हणाली. "मी म्हणत होते, आता वळेल, आता वळेल."

"हो."

"वळली नाहीस."

"नाही वळले."

लेकीनं डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "ही पहिली वेळ झाली," ती म्हणाली. "अजून दोन आहेत तुझ्या."

थोरलीनं मान डोलावली. दुसऱ्या कुणी असं उत्तर दिलं असतं तर तिनं त्याला उभं सोललं असतं. चहा न घेता ती परतली. जाताना इतकंच म्हणाली की उपवासाच्या आदल्या दुपारी ती प्रार्थनाघरात पडदा लावायला असेल.

ती दुपार आली. उपवास सूर्यास्तालाच लागणार होता. उद्याच्या जेवणाची टेबलं मांडून झाली होती. ऊन भिंतीवर चढलं होतं, तासाभरात माणसं यायला लागणार. थोरली स्टुलावर चढून पडद्याच्या कड्या दांडीत ओवत होती आणि सोन्या खाली स्टूल धरून उभा होता. पांढरे कपडे, कापडी बूट, हातात भाषणाचा कागद.

उंच खिडकीतून थोरलीला अंगण दिसत होतं. तिनं शेवटची कडी ओवली आणि सहज बाहेर पाहिलं. हिरव्या बाकावर तिघं बसली होती. जावई एका टोकाला, लेक दुसऱ्या, मधे पाय हलवणारी नात. दार सताड उघडं होतं, वर पाटी होती, तरी ती आत येत नव्हती. कुणी बोलवायची वाट बघत होती की नुसतीच बघायला आली होती, ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत नव्हतं.

थोरलीचा हात दांडीवर तसाच राहिला.

"वहिनी," खालून सोन्या म्हणाला, "तिसऱ्यांदा मागतोय. आणि तुम्ही कशासाठी अडून बसलात ते मला कळतंय. पहिल्या दिवसापासून कळतंय. जावयांना बाहेर बसवलं ते. पण तेव्हा नियमच तसा—"

"कुठं लिहिला होता?"

सोन्या कागदाची घडी घालत राहिला, उघडत राहिला.

"कुठंच नाही," तो अखेर म्हणाला. "मीच म्हणालो. नवीन नवीन अध्यक्ष झालो होतो. लोक म्हणतील, याच्या घरातलीच पोर बाहेर लग्न करून आली आणि यानं आत घेतलं. घाबरलो, वहिनी. बाकावर पोरगी बसली तेव्हाच चुकलं हे कळलं होतं. पण शब्द मागं घ्यायला जीभ उचलली नाही. आणि मग जेवढे दिवस गेले तेवढी ती जड झाली." त्याचा आवाज नऊ वर्षांच्या पोरासारखा बारीक झाला होता. "आता तरी माफ केलं म्हणा. ऊन उतरायला लागलं."

थोरली स्टुलावरून उतरली. सोन्यानं हात पुढं केला, तो तिनं धरला, उतरल्यावरही सोडला नाही. त्याच हाताला धरून तिनं त्याला खिडकीपाशी नेलं आणि बाक दाखवलं. सोन्याचा चेहरा पडद्यासारखा पांढरा पडला.

"सोन्या," ती म्हणाली, "आता खरं बोललास, पण चुकीच्या माणसापुढं बोललास. मला तू काय केलंस? मला तर पहिल्या रांगेत खुर्ची दिली होतीस. ही माफी माझ्याकडे नाहीच, तर देऊ कुठून? मी स्वतः मागणारी आहे. माझी एकदा झालीय, दोनदा राहिलीय. ज्याच्याकडे आहे तो तिथं बसलाय. तो कागद इथं ठेव आणि जा. आत्ता बोललास तस्संच बोल, त्याला 'पण' लावू नकोस. त्यानं नाही म्हटलं तर मान खाली घालून परत ये, आणि पुन्हा जा. तोवर मीही त्याच बाकावर बसते, आजची प्रार्थना मला तिथून ऐकू येईल. आणि अध्यक्ष असशील तुझ्या घरचा, मला आत बोलवायला येऊ नकोस."