कुलूपबंद घरातून निघालेली पावलं

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नाही आणि वाजवायचीही नाही. चपलांच्या कपाटावर बसून दोन हिरवे दिवे मिचकावते ना, ती काळी पेटी. घरात येणारा प्रत्येक शहाणा मला बघून विचारतो, "हा रेडिओ का हो?" रेडिओ म्हणे! माझ्या पोटात चारशेहून जास्त माणसांची पावलं आहेत. सांगा तुमच्या रेडिओला तेवढी सांभाळायला.

घरातले फोन, लॅपटॉप सगळे ज्या एका सामाईक फोल्डरमध्ये ये-जा करतात, तो फोल्डर माझ्यापाशी असतो. कोणी काही ठेवलं की मी ते जपते आणि कोणी मागितलं की देते. काम एवढंच, पण चोवीस तासांचं.

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावर पडल्या पडल्या माझ्यात दोन डिस्क बसवल्या. एकीवर जे लिहायचं तेच दुसरीवर. एक गेली तरी दुसरीनं संसार ओढायचा, असा त्यांचा करार. माणसांत असे करार फार थोडे टिकतात, असं मी पाहिलंय.

मला पहिल्यांदा नेलं एका फोटोग्राफरनं. त्यानं माझ्यात हजारो हसरे चेहरे भरले. सगळे त्यानं सांगितलं तेव्हा हसलेले. मग त्याला मोठी पेटी मिळाली आणि माझं पोट रिकामं करून त्यानं मला दुरुस्तीवाल्याकडे टाकलं. त्या दुकानाचं दार वाऱ्यानं आपटायचं. दोन वर्षं मी त्या दाराला टेकू होते. जाता-येता पाय लागायचे. कोणी "अरे, हिला लागलं असेल" असं म्हटलं नाही.

मग मापवाली आली.

गल्लीत तिला मापवाली याच नावानं ओळखतात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वळलेली, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. अशा पायांसाठी ती बूट करते. माणसाला खाकी कागदावर उभं करायचं, पेन्सिल ताठ धरून पावलाभोवती फिरवायची, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहायचं: कुठे दाब पडतो, कुठे दुखतं, मागच्या बुटात काय चुकलं. असे तीस वर्षांचे कागद तिच्या पलंगाखाली होते. एका साली तिथे कसर लागली आणि सव्वीस माणसांचे पाय खाऊन गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन उभी राहिली.

"कागद ठेवायला काय चांगलं? घरातच राहील आणि माझ्याच ताब्यात राहील असं."

दुरुस्तीवाल्यानं दाराकडे, म्हणजे माझ्याकडे बोट केलं. "ही आहे. पण आजी, हे तुमच्याच्यानं व्हायचं नाही."

"आजी असेन माझ्या नातवंडांची. तुझी मी गिऱ्हाईक आहे. पुस, आणि दे."

तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. शाळा सातवीत सुटलेली. तिनं शंभर पानी वही घेतली आणि जे जे शिकली ते त्यात लिहिलं. चुकली की पान फाडायची नाही, खाली लिहायची: "असं करू नये." दोन हिवाळ्यांत तिनं सगळे कागद माझ्यात उतरवले. प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा फोल्डर, आणि त्याला तिनंच ठेवलेलं नाव: तुरतुरे मास्तर, डावा अंगठा, चिमणी.

चिमणी पाच वर्षांची असताना पहिल्यांदा आली. तिचा उजवा पाय आखूड, म्हणून उड्या मारत चालायची. माझ्यात तिची चौदा पावलं आहेत, एकापेक्षा एक मोठी. शेवटचं पाऊल तीन वर्षांपूर्वीचं. त्यानंतर वाढ थांबली.

आता माझ्यापर्यंत येणाऱ्या एका वाटेबद्दल सांगते. मापवालीची मुलगी दुसऱ्या शहरात राहते. तिचं चपला-बुटांचं छोटं दुकान आहे, पण साध्या पायांचं. वाकड्या पावलांचं काम तिनं घेतलं नाही. "आई, साधी चप्पल चुकली तर माणूस बदलून नेतो. तुझ्या कामात चुकलं तर तो लंगडतो. मला नाही जमायचं." मापवाली यावर पेन्सिलीला टोक करत बसायची.

मुलीकडे गेल्यावरही कागद हाताशी हवेत, म्हणून तिनं जावयाला फोन लावला. जावई कंपनीत संगणकाचंच काम करतो.

"आई, सोपं आहे. सगळं एखाद्या मोठ्या कंपनीकडे ठेवा."

"माझं सामान दुसऱ्याच्या माळ्यावर कशाला?"

"बरं, मग राउटरमधून दार उघडं करू. कुठूनही थेट आत."

"जावईबापू, लोकांची अधू पावलं आहेत ती. आईबापांनीसुद्धा झाकून ठेवलेली. मी दार सताड उघडं टाकू?"

बाई बरोबर बोलली. बाहेरच्या जगात कितीतरी अनोळखी यंत्रं दिवसभर घराघरांची दारं चाचपत फिरतात. मला त्यांची चाहूल लागते.

शेवटी व्हीपीएन ठरलं. म्हणजे झाकलेली वाट. एक टोक आमच्या राउटरशी, दुसरं तिच्या लॅपटॉपमध्ये. किल्ली फक्त तिच्याकडे. त्या वाटेनं आली की ती शंभर कोसांवर असली तरी मला घरातच बसल्यासारखी वाटते, आणि मधल्या कुणाला आत काय चाललंय ते दिसत नाही. जावयानं फोनवर सांगितलं, हिनं वहीत लिहिलं, आणि चार दिवस शिव्या देत जमवलं. मग बागेतल्या बाकावर बसून, फोनचं इंटरनेट लॅपटॉपला जोडून, माझ्यातला एक कागद उघडून पाहिला. घरी येऊन मला म्हणाली, "आलीस गं बाई." आता आली ती होती, मी तर जागची हलले नव्हते. पण खोडून काढलं नाही.

या वर्षी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, मुलीच्या शहरात. तीन आठवडे मुक्काम. निघताना मेन बटण बंद करायची तिला जन्माची सवय. हात तिकडे गेलासुद्धा. मग थबकली, आणि बटणावर कागद चिकटवला: "हात लावशील तर याद राख." हे तिनं स्वतःलाच लिहिलं होतं. घराची किल्ली शेजारणीला दिली, झाडांना पाणी घालायला. शेजारीण निवृत्त टपालवाली. पस्तीस वर्षं गल्ल्या तुडवलेली.

घराला कुलूप लागलं. नऊ दिवस पाणी घालणाऱ्या शेजारणीखेरीज कोणी आलं नाही. झाडं आणि मी.

दहाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, शेजारीण तरातरा आत आली. फोन स्पीकरवर, त्यातून मापवालीचा आवाज.

"बटण बंद केलंस ना? खरं सांग."

"अगं, मी कशाला हात लावू? तुझ्या पेटीचे दोन्ही डोळे टकाटका बघतायत माझ्याकडे."

"मग फोल्डर का दिसत नाही? सकाळपासून डोकं फुटायची वेळ आलीय."

हळूहळू सगळं कळलं. सकाळी चिमणीचा फोन आला होता. ती आता नर्स झालीय. सोमवारी पहिली नोकरी, दिवसभर उभं राहायचं. आणि नेमका त्या गुरुवारी सकाळीच तिच्या उजव्या बुटातला, आखूड पाय उचलून धरणारा उंचवटा दुभंगला. बुटाशिवाय तिला जिनाही उतरता येत नाही, तर माप द्यायला गाव सोडून येणार कशी? बूट सोमवारपर्यंत पोचला तर नोकरी. नाहीतर रुग्णालयानं सांगून ठेवलं होतं, यादीत पुढची मुलगी आहे.

"आई, तुला पाठ असेल ना?" मागून मुलीचा आवाज आला.

"आतला उंचवटा अठ्ठावीस मिलिमीटर... का एकतीस?" मापवाली कधी नव्हे ते म्हणाली, "नाही आठवत."

"तीन मिलिमीटरनं असा काय फरक पडतो?" जावई.

"एका पायाखाली पुठ्ठा ठेवून दिवसभर उभे राहा जावईबापू, संध्याकाळी सांगा."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, एकतीस गं, एकतीस! पण मागितल्याशिवाय मला देता येत नाही. आणि माझ्यापर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. राउटरपाशी तिच्या येण्याची नोंद होत होती, माझं दार मात्र वाजत नव्हतं.

"अगं, वाट जोडलेली दिसतेय," मापवाली म्हणाली. "बागेतून चाललं होतं, मग इथून का नाही? पेटीवर कागद आहे बघ. नंबर वाच."

शेजारणीनं चष्मा पुसून वाचलं. "एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, दहा. हा काय पत्ता आहे?"

"हो, घरातल्या घरातला पत्ताच."

"आणि तुझ्या लेकीच्या घरातले पत्ते कसे असतात?"

पलीकडे जावई एकदम थांबला. "अहो आई... आपल्याकडेही हीच ओळ आहे. एक, दहा म्हणजे आपला प्रिंटर."

शेजारीण हसायलाच लागली. "मग झालं तर! दोन गल्ल्यांत एकाच नंबरची दोन घरं असली, की पत्र जवळच्या घरात पडतं. पस्तीस वर्षं हेच निस्तरलंय मी. ही सकाळपासून लेकीच्या प्रिंटरला पावलं मागतेय!"

"तुम्हाला कोणी शिकवलं हे?" जावई.

"सायकलनं."

"म्हणजे बागेत वायफाय नव्हतं, फोनचं इंटरनेट होतं," मापवाली म्हणाली, "त्याची ओळ वेगळी, म्हणून चाललं! बंद करा ते वायफाय. फोन जोडा."

आणि मग झाकल्या वाटेनं ती आली. मी तिला ओळखलं. ती नेहमी आधी चुकीचा पासवर्ड टाकते, मग बरोबर. चिमणीचा फोल्डर मागितला. माझ्या दोन्ही डिस्क फिरल्या. दारं-खिडक्या बंद, बाहेर कुलूप, आणि एकेक करून चौदा पावलं घराबाहेर पडली. शेजारीण पाण्याचा तांब्या हातात धरून माझे दिवे बघत उभी राहिली. "चालली वाटतं," म्हणाली.

पण कागद मिळून काम होत नाही. मापवालीच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. चामडं कापायचं कोणी? पुढचं तिनं परत आल्यावर शेजारणीला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. मुलीनं कागद छापले (त्याच प्रिंटरवर, बिचाऱ्याचा काय दोष!) आणि आईचं बारीक अक्षर वाचत बसली. "नववा बूट: टाच आत कलली, रडली. दहावा: बरा. बारावा: जिना चढली." मग कात्री उचलली.

"चुकलं तर?" तिनं विचारलं.

"तर वहीत लिही, असं करू नये," आई म्हणाली. "पण एकतीसच ठेव."

शनिवारी संध्याकाळी बुटांचा नवा जोड बसनं गेला. रविवारी चिमणीनं घालून पाहिला. सोमवारी ती उभी राहिली.

मापवाली परत आल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर आमच्या घरातल्या सगळ्या पत्त्यांची ओळ बदलली. मधल्या एकच्या जागी स्वतःचं वय टाकलं, सदुसष्ट. "हा आकडा कुणाच्या प्रिंटरला असायचा नाही." माझ्यावर नवा कागद चिकटवला. वहीत लिहिलं: "दोन घरांना एक ओळ. असं करू नये."

आणि आता त्या वाटेनं मुलगीही येते. तिच्यासाठी वेगळी किल्ली केलीय. सकाळी अकराच्या सुमाराला दार वाजतं आणि माझ्यात एक नवं पाऊल उतरतं, अनोळखी वळणाच्या अक्षरात. चारशे तेरावं माणूस, चारशे चौदावं. आई इथे ते उघडते, नाक मुरडते, दुरुस्ती लिहिते. मग फोन. "टाचेचा दाब कुठे पडतो ते लिहिलं नाहीस." "लिहिलंय गं आई, खाली बघ." "मग वर लिही, मी म्हातारी बाई." दुसऱ्या कुणी तिला म्हातारी म्हणून बघावं!

मीही आता जुनी झालेय. माझी एक डिस्क कधीकधी कुरकुरते. मापवालीनं ते ऐकलंय, नवी मागवलीय. एवढीच तुम्हालाही विनंती आहे. घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तिला दाराचा टेकू करू नका. कुरकुर ऐकू आली तर हसण्यावारी नेऊ नका. आणि गावाला निघताना मेन बटणाकडे हात गेलाच, तर आधी एकदा चपलांच्या कपाटाकडे बघा.

कालच चिमणीनं एक फोटो पाठवलाय. सहा महिने वापरलेल्या दोन्ही बुटांचे तळवे, उताणे ठेवलेले. मापवालीनं तो मोठा करून दोन्ही डोळ्यांनी खूप वेळ पाहिला. मग चिमणीच्या फोल्डरमध्ये ठेवला आणि खाली लिहिलं: "पंधरावा बूट. मुलीनं केला. दोन्ही टाचा सारख्या झिजल्या."