नावानं हाक

आता आम्ही दोघांनीच कुठे जायचं नाही, असं वरदाचं म्हणणं होतं. "आई, प्लीज बी सेन्सिबल. गेल्या महिन्यात बाबांना आपल्याच स्ट्रीटवर घर सापडलं नव्हतं." वरदा आमची एकुलती एक मुलगी. ब्रॅकनेलला आयटीत आहे आणि अख्ख्या जगाला शहाणं करायचा मक्ता तिनं घेतलाय. मी कार्डिफमध्ये जन्मभर जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होते. माझ्या नवऱ्याला डिमेन्शिया झालाय, हे मला कुणी शिकवायला नको. पण हे अजून हसत होते, चवीनं जेवत होते, मला ओळखत होते. एवढी एक ट्रिप दोघांची होऊ दे, मग तू म्हणशील तसं, असं तिला ठणकावून मी ब्रिस्टलहून पोर्तुगालमधल्या पोर्तोचं विमान पकडलं.

पोंते द लिमा हे नदीकाठचं लहानसं गाव. जुना दगडी पूल, त्यावर फक्त चालणारी माणसं, काठानं उंच झाडांची रांग. नदीच्या एका काठावर रोमन शिपायांचे पुतळे आहेत आणि समोरच्या काठावर त्यांचा घोड्यावरचा सेनापती. गाईडनं गोष्ट सांगितली. ही विस्मरणाची नदी आहे, ओलांडली तर सगळं विसरू, म्हणून शिपाई अडून बसले. मग सेनापती एकटाच पलीकडे गेला आणि तिथून त्यानं एकेकाला नावानं हाक मारली.

माझा पारा चढला. एवढ्या मोठ्या पोर्तुगालमध्ये मला नेमकं हेच गाव मिळावं!

हे मात्र लक्ष देऊन ऐकत होते. "सगळ्यांची नावं आठवत होती त्याला?" मला म्हणाले. "हुशार आहे हं."

मी हसले. हसता हसता डोळे भरून आले, म्हणून गॉगल लावला.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या वाळूवर बाजार भरला होता. कोंबड्या, चीज, टोपल्या, भरतकाम केलेले टेबलक्लॉथ. एका टेबलक्लॉथची घासाघीस करायला मी ह्यांचा हात सोडला. मागे वळले तर हे नाहीत. तंबूंच्या फटीतून पाहिलं तेव्हा दिसले. बुटांसकट, शांतपणे, नदीत चालले होते. पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. काठावरच्या लोकांना वाटलं असेल, म्हातारबुवांना उकडतंय.

"अहो!" मी ओरडले.

चाळीस वर्षं ह्या एका हाकेवर हे घरभर कुठूनही यायचे. लग्नात उखाण्यापुरतं नाव घेतलं, त्यानंतर कधीच नाही. वरदा लहानपणापासून चिडवायची, बाबांना नाव नाही का म्हणून. मी जीपी झाले, कार्डिफच्या गोऱ्या पेशंटांना पहिल्या नावानं बोलवू लागले, पण ह्यांचं नाव तोंडातून निघेना. लाज म्हणा, सवय म्हणा, मला ते गोडही वाटायचं.

"अहो! अहो, थांबा!" हे थांबले नाहीत.

मी वाळूतून धावत सुटले, पण माझे गुडघे ते काय धावणार. "चंद्रशेखर!" मी ओरडले. कागदोपत्री असलेलं नाव. त्यावरही नाही. पाणी मांड्यांपर्यंत आलं. माझा श्वास संपत आला आणि तोंडातून निघालं, "शशी! ए शशी!"

हे घरातलं नाव. माझ्या सासूबाई एकट्याच ह्या नावानं हाक मारायच्या. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली.

हे थबकले, वळले. चेहरा एकदम उजळला.

"आलो गं, आई!"

आणि खरंच आले. पाणी उडवत, भराभरा, आज्ञाधारकपणे. माझ्यासमोर येऊन मान खाली घातली. पँटमधून पाणी ठिबकत होतं. "रागावू नकोस ना," म्हणाले.

माझ्या जिभेवर केवढं तरी बोलणं तयार होतं. मी ह्यांच्या डोळ्यांत स्वतःला शोधलं. मी तिथे नव्हते. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"नाही रागावले," मी म्हणाले. "चल. ओले कपडे बदलू या."

माझं बोट धरून हे चालू लागले. बाजारातून वाट काढत असतानाच पर्समधला फोन वाजला. वरदा होती.

"हाय आई! कशी चाललीये ट्रिप? बाबा ओके आहेत ना?"

"हो," मी म्हणाले. "शशी बरा आहे."

तिच्या जन्मापासून माझ्या तोंडून हे नाव तिनं एकदाही ऐकलं नव्हतं. अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "आई, मी येऊ का?"

"ये," मी म्हणाले.