माझ्या चकतीला लागलेली हळद

मी एक जुनी मोटरसायकल आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे भंगार नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. इस्लामपूरच्या पुढे आमच्या मळ्यात येणारा प्रत्येक पाहुणा चहा पिता पिता माझ्याकडे बोट करतो आणि ही अजून चालते का म्हणून विचारतो. चालते. पाहुण्यापेक्षा बरी चालते. पण दमले आहे, हे मात्र खरं. सकाळी चालू करताना आता माझ्या पोटात खडखडतं, आणि थोडं पळाले की अंग तापतं.

कारखान्यातल्या जन्माचं मला काही आठवत नाही. ज्या गाड्या आठवतं म्हणतात त्या थापा मारतात. मला आठवते ती सांगलीच्या दुकानातली काच. त्या काचेपलीकडून फौजेतून सुट्टीवर आलेला जयराज माझ्याकडे बघत उभा होता, आणि त्याच्या मागे त्याची आई साळूबाई, कमरेवर हात ठेवून. माझ्यावर बसायची तऱ्हा जरा पुढे झुकलेली, रेसच्या गाड्यांसारखी. साळूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दुकानदाराला विचारलं, हिचं कंबरडं आधीच मोडलंय का आमी मोडायचं? तरी मला ओवाळलं त्यांनीच. पुढच्या दिव्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली. दिवा म्हणजे माझं कपाळ, असा त्यांचा हिशोब. दर खंडेनवमीला तो त्यांनी चुकवला नाही.

मग प्रत्येक सुट्टीत सुरू झाली कामं. पळायला जन्मले आणि दुधाच्या किटल्या वाहिल्या. जनावरांसाठी उसाचं वाढं वाहिलं, खताची पोती वाहिली. साळूबाई जयराजच्या मागे एका बाजूला पाय सोडून अशा बसायच्या, की रस्त्यावरची माणसं आपणहून बाजूला व्हायची. जयराज सुट्टीवर आला की मला धुवायचा, पुसायचा, साखळीला तेल द्यायचा, गावातली पोरं भोवती उभी राहून वा वा करायची. सुट्टी संपली की तो सीमेवर आणि मी छपरात. माझ्यावर खताचं रिकामं पोतं पडायचं. एका वर्षी कोंबडीने माझ्या सीटवर अंडी घातली. कोणी हाकललं नाही, कारण अंडी चांगली होती.

अशा दिवसांत या घरात शिवांजली आली, जयराजची बायको. ती साताऱ्यात एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते. आठवडाभर तिथे खोली घेऊन राहते, सुट्टीला मळ्यात येते. पहिल्याच सुट्टीत तिने माझ्यावरचं पोतं उचललं, टायर दाबून पाहिला आणि मला म्हणाली, "काय गं, तुला हितं का उभी केली?" इतक्या वर्षांत मला कोणी प्रश्न विचारला नव्हता. ती मला साताऱ्याला घेऊन गेली.

तिथे तिला कोणीतरी सांगितलं, की कोइमतूरकडे गाड्या पळवायचा खास ट्रॅक आहे. काही ठरावीक दिवशी तिथे साध्या माणसांनाही आपली गाडी पळवता येते. शर्यत नव्हे, बक्षीस नाही, फक्त मोकळा रस्ता आणि शिकवायला माणसं. शिवांजलीच्या डोक्यात तेच बसलं. फोनवर जयराज म्हणाला, माझं काही म्हणणं नाही, आईला विचार. आमच्याकडे परवानगी अशीच फिरते.

तिने विचारलं तेव्हा दोघी छपराच्या तोंडाशी शेंगा फोडत बसल्या होत्या.

"म्हंजे गोल फिरून जायाचं कुठं?" साळूबाईंनी विचारलं.

"कुठंच न्हाई आत्या. परत तिथंच यायचं."

"घाण्याचा बैल बी त्येच करतो. त्याला कुणी कोइमतूरला न्हेत न्हाई." त्यांनी दोन शेंगा फोडल्या, दाणे सुपात टाकले. "डोकं तेवढं नीट झाकून फिर."

परवानगी मिळाली, असं समजायचं.

मित्रांनो, ट्रॅकवर जायचं म्हणजे गाडी उचलली आणि निघालं असं नसतं. शिवांजली पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ पळत चढू लागली, कारण वळणावर गाडी हातांनी नाही, मांड्यांनी धरायची असते. हात सैल, नजर जिथे जायचं तिथे. मळ्यात आली की मला छपरात स्टँडवर उभी करायची, टाकीवर छाती टेकवायची आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलायची. साळूबाई बाहेरून विचारायच्या, कोंबड्या हुडकतीस का गं? कुणाचा तरी मागून आणलेला चामड्याचा पोशाख तिने अंगात चढवला, तेव्हा शेजारच्या मनुबाई मुद्दाम बघायला आल्या. साळूबाईंनी त्यांना सांगितलं, सून आमची हाय, कातडं म्हशीचं हाय. मनुबाई हसल्या. साळूबाई हसल्या नाहीत. त्यांच्या सुनेला त्यांनीच हसायचं, दुसऱ्याने नाही, हे मनुबाईंच्या उशिरा लक्षात आलं.

माझी तयारी साताऱ्याच्या अमृतने केली. अमृत जयराजबरोबर फौजेत होता, आता गॅरेज चालवतो आणि हातापेक्षा तोंड जास्त चालवतो. पण काम चोख. त्याने माझे आरसे काढले, कारण तिथे मागे बघायचं नसतं. दिव्यांवर चिकटपट्ट्या लावल्या, म्हणजे पडल्यावर काच ट्रॅकवर सांडत नाही. इंजिनाच्या तेलाचा खालचा बोल्ट तारेने बांधून टाकला. थेंबभर तेल रस्त्यावर पडलं तर मागचा माणूस जिवाला मुकतो, असं तो तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवत होता. नवे टायर, ब्रेकचं नवं ऑइल, पुढच्या चाकाला ब्रेकचे नवे पॅड. माझ्या पुढच्या चाकाला जाळीदार चकती आहे. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड त्या चकतीला चिमटा घेतात आणि मी थांबते. माझं थांबणं सगळं त्या चिमट्यावर.

काम झाल्यावर अमृत म्हणाला, "वहिनी, आता हिला कुणी हात लावायचा न्हाई. धुवायचं न्हाई, चकाकी मारायची न्हाई. घरात बी सांगून ठेवा."

शिवांजलीने मान डोलावली. पण घरात सांगायचं म्हणजे साळूबाईंना सांगायचं. घरातल्या गाडीला हात लावू नका असं त्यांना आजवर कोणी सांगितलं होतं? चढ चढायची तयारी तिने केली होती, या एका वाक्याची केली नव्हती. आज सांगते, उद्या सांगते, असं करत निघायचा दिवस आला.

मला न्यायला टेम्पो मळ्याच्या दारात उभा होता. शिवांजली आत जेवत होती. साळूबाई ताट घेऊन माझ्यापुढे आल्या आणि थबकल्या. माझं कपाळच सापडेना. दिव्यावर पट्ट्या. डोळं बांधून कुठं न्हेत्यात हिला, असं काहीतरी पुटपुटल्या. मग त्यांची नजर खाली चकतीवर गेली. माझ्या अंगावर तेवढीच लखलखत होती. हळद कोरडी चिकटेना, म्हणून त्यांनी आत जाऊन वाटीत खोबरेल आणलं, हळद त्यात कालवली, आणि पाच बोटं चकतीवर ओढली. वर जीव लावून म्हणाल्या, माज्या लेकीला नीट आण. सुनेला तोंडावर लेक म्हणाल्याचं मी कधी ऐकलेलं नव्हतं. तेलाचा ओघळ खाली आला तेव्हा तो पदराने पुसला, चकती पुन्हा चकचकीत केली. वरून काही दिसेना.

मला सगळं कळत होतं. पण मला हॉर्न आहे, तोंड नाही. आणि हॉर्न दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही.

कोइमतूरला सकाळी तपासणी झाली. तिथल्या माणसाने माझी साखळी हलवली, तार बघितली, ब्रेक दाबून मला ढकलून पाहिलं. उभ्या गाडीला तेवढा ब्रेक पुरतो. चांगली तयारी केलीय म्हणाला. बरोबर आलेल्या अमृतने ते स्वतःच्या खात्यावर जमा करून टाकलं. शिवांजली घोट घोट पाणी पीत होती.

पहिली फेरी सावकाश, ब्रेक जेमतेम टेकवत. दुसऱ्या फेरीत सरळ रस्ता आला आणि तिने मला सोडलं. मित्रांनो, किटल्या, पोती, वाढं, सगळं माझ्या अंगावरून उडून गेलं. ज्यासाठी मला घडवलं होतं ते हेच, हे तेव्हा कळलं. पुढे उजवीकडचं वळण. तिने ब्रेक दाबला. पॅडने चकती धरली आणि चकती सुळकन निसटली. तिने आणखी जोराने दाबला. काही नाही.

घाबरून तिने मला वळवलं असतं तर आम्ही दोघी गेलो असतो. पण तिला शिकवलं होतं, थांबेना तर सरळ जायचं. तिने मागचा ब्रेक हळूच दाबला, गिअर एक एक खाली आणला आणि मला सरळ गवतात नेलं. गवत संपता संपता मी थांबले. ती उतरली नाही. मागच्यांना दिसावं म्हणून हात वर धरून तशीच बसून राहिली, पार लोक पळत येईपर्यंत.

माझ्या चाकातून वास येत होता. अमृत खाली वाकला, त्याने नाक पुढे केलं आणि म्हणाला, "आयला, फोडणीचा वास येतोय." पॅड काढले तर कडेने पिवळे. ती हळद कुणाच्या हातची, हे शिवांजलीला लगेच कळलं. तेल प्यालेले पॅड पुन्हा धरत नाहीत, ते फेकायचेच असतात. माझ्या मापाचे दुसरे तिथे कुणाकडे नव्हते. अमृत घासून बघू म्हणाला. ती नको म्हणाली. उरलेला दिवस तिने कठड्याला टेकून दुसऱ्यांच्या गाड्या बघण्यात काढला. मी तिच्या शेजारी चाक काढून बसले होते.

मळ्यात परतलो तेव्हा मनुबाई येऊन बसल्याच होत्या. शिवांजली त्यांच्यापुढे एवढंच म्हणाली, की ब्रेकने दगा दिला. मनुबाई गेल्या. मग ती छपरात आली, आणि मागोमाग साळूबाई.

"अमृतला यवढी गाडी दिली आन त्याला ब्रेक बसवता येत न्हाई?"

आता अमृतच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं. तिने माझी साखळी हाताने नीट केली.

"आत्या, ब्रेक त्यानं नीट बसवला हुता. तुमी चकतीला त्याल लावलं. म्हणून ब्रेक धरला न्हाई. मी गवतात गेले."

साळूबाईंनी माझ्या चकतीकडे पाहिलं. मग शिवांजलीच्या गुडघ्यांकडे, कोपरांकडे.

"पडलीस?"

"न्हाई."

"मग मला आदी का सांगितलं न्हाईस?"

"तुमाला कोण सांगणार?"

साळूबाई दुधाची किटली उचलून बाहेर गेल्या. रात्री जेवताना आतून आवाज आला, "मी काय माणसं खाते व्हय गं? सांगायचं." बस्स. घरात कुणी भांडलं नाही, पण कुणी नीट जेवलंही नाही.

हिवाळा सरता सरता टेम्पो पुन्हा दारात आला. नवे पॅड, दिव्यांवर पुन्हा पट्ट्या. साळूबाई ताट घेऊन आल्या आणि माझ्यापासून हातभर लांब उभ्या राहिल्या. हात पुढे केला, मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घरात कुणाला तरी काय करायचं ते विचारलं.

"कुठं लावू?"

शिवांजली हेल्मेट काखेत मारून उभी होती. तिने आपलं कपाळ पुढे केलं.

साळूबाईंनी लावलं. बोट जरा जास्तच वेळ टेकवलं. म्हणाल्या, "टोपड्यात पुसून जाईल."

"जाऊ द्या," शिवांजली म्हणाली.

त्या दिवशी मी पळाले, आणि जिथे थांबायचं तिथे थांबले. एवढंच सांगते, बढाई मारायचं माझं वय राहिलं नाही. आता अंग दुखतं, आणि पुन्हा ट्रॅकवर नेतील की नाही ठाऊक नाही. मित्रांनो, ज्या वस्तूवर तुमचं माणूस बसणार आहे, तिला माया करा, पण हात लावण्याआधी विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने थोरांपुढे मान खाली घालून गप्प राहू नये. मला बोलता येत नाही म्हणून मी गप्प होते. तुम्हाला येतं.