खुराड्यातले बोळे

मोठीबाईनं मेलेली कोंबडी पायाला धरून खुराड्याबाहेर ओढली, चोच उघडली आणि नाकाशी नेली. औषधाचा वास नाही. मान चाचपली, ती पिरगळलेली नव्हती. पिसं उलटी फुंकून पाहिली, दाताची खूण नव्हती. मुंगूस आलं तर रक्त सांडून जातं, माणूस आला तर कोंबडी घेऊन जातो. ही आपली निजल्यासारखी पडलेली. डोळ्यांच्या कडा तेवढ्या ओल्या.

आठवड्यातली ही चौथी.

"गेली का आणखी एक?" कुंपणापलीकडून शिंपीण म्हणाली. तिला सुईत दोरा ओवायला दिसत नसे, पण दुसऱ्याच्या अंगणात पडलेलं पीस बरोबर दिसे.

"म्हातारी झाली होती."

"अगं, मागच्या महिन्यात तर अंड्यावर आली म्हणालीस." शिंपिणीनं कुंपणावर कोपरं टेकली. "मी काही बोलत नाही हो. पण नवी सून आणि मेलेल्या कोंबड्या एकाच हिवाळ्यात आल्या, एवढं आपलं दिसतं."

"तुझं दिसणं आधी सुईला लाव," मोठीबाई म्हणाली आणि आत वळली. पण बोलणं कुसळासारखं रुतायचं तिथं रुतलं होतं.

तीस हिवाळ्यांत तिच्या हातची एक कोंबडी थंडीनं दगावली नव्हती. कुणाच्या कोंबड्या आखडल्या की लोक तिच्या दारी येत आणि ती पदराला हात पुसत सांगे, "बोळे घाला, बोळे." दिवस कलला की जुन्या चादरींच्या चिंध्यांचे बोळे करून ती खुराड्याची फट न् फट बुजवी. छताखालचे दोन झरोकेसुद्धा काठीनं ठासून बंद करी. मग शेळ्यांच्या पाठीवर गोणपाट, गाईखाली कोरडं गवत, आणि त्यानंतर स्वतःचं जेवण. अक्षरओळख नव्हती तिला, पण जनावराला कधी काय हवं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

यंदा थंडी सुरू होतानाच नवरा गोठ्यात घसरला, मांडीचं हाड मोडून खाटेला लागला. कोंबड्यांचं तिनं त्याला सांगितलं नव्हतं. पडल्या माणसाला कशाला घोर, असं ती स्वतःला समजावे. खरं म्हणजे तीस वर्षांचा तोरा त्याच्यासमोर उतरवायचा नव्हता.

आणि सून. शहरातून आलेली, दोन महिन्यांची नवी. मुलगा लांब कामाला, रविवारपुरता घरी. एकदाच हिला सकाळी अंडी काढायला पाठवलं, तर डोळे पुसत बाहेर आली.

"आई, आत डोळे चुरचुरतात हो. कोंडल्यासारखं होतं."

"कोंबड्या अत्तर लावायला विसरल्या असतील," मोठीबाई म्हणाली होती, आणि त्या दिवसापासून तिला खुराड्याकडे फिरकू दिलं नव्हतं.

चौथी कोंबडी पुरून आल्यावर तिनं बोळे दुप्पट केले. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर झरोके सताड उघडे, आणि दोन्ही चिंध्या खुराड्याच्या छपरावर दगडाखाली ठेवलेल्या. चौपदरी घडी घालून.

चोर घडी घालत नाही. त्या घरात फडक्याचीसुद्धा घडी घालणारं एकच माणूस होतं.

त्या दिवशी कोंबडी मेली नव्हती. दहाच्या दहा दाण्यांवर तुटून पडल्या होत्या. पण मनानं एकदा खटला चालवायला घेतला की त्याला उलटी साक्ष नको असते. मोठीबाईनं मुलाला फोन लावायला लावला, तोही सुनेलाच, आणि फोन हातात घेऊन अंगणात जाऊन म्हणाली, "रविवारी चुकवू नकोस. तुझ्या बायकोविषयी बोलायचंय. तिला सोबत न्यायची तयारी ठेव."

शनिवारी दिवस मावळताना तिनं नेहमीसारखे बोळे ठासले, काठी भिंतीला टेकवली आणि गोठ्यात गाईच्या आड जाऊन उभी राहिली. गाईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिनं गाईच्या नाकावर हात ठेवला.

सून आली. इकडेतिकडे पाहिलं नाही, पाऊल दबकून टाकलं नाही. पाण्याच्या बादलीवर चढली, झरोक्यांतले दोन बोळे उपसले, खालच्या फटींना हात लावला नाही. एका चिंधीची घडी झाली, दुसरी अर्धी झाली, तेवढ्यात मोठीबाई पुढे आली.

"माझ्या कोंबड्यांनी काय घोडं मारलं गं तुझं?"

सुनेनं उरलेली घडी पूर्ण केली. "आई, बाबांनी सांगितलंय."

"कुठल्या बाबांनी? माहेरच्या?"

"आपल्या." ती बादलीवरून उतरली. "वरचे दोनच काढ म्हणाले. खालचे राहू देत, नाहीतर वारा थेट अंगावर येतो. आणि तुम्ही उठायच्या आत परत घाल म्हणाले. ते मला काही जमलं नाही. तुम्ही फारच लवकर उठता."

"खाटेवरच्या माणसाला कोंबड्यांचं कुणी सांगितलं?"

"मी. रडत होते, तर त्यांनी विचारलं."

"तू कशाला रडत होतीस?"

सून बादली उचलून जागेवर ठेवू लागली. मोठीबाईनं तिच्याकडे न बघता घराची वाट धरली.

आतल्या खोलीत नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती आलेली त्याला पावलांवरून कळली.

"किती वर्षं काढताय माझे बोळे?" तिनं विचारलं.

"पहिल्या हिवाळ्यात सांगितलं होतं तुला. कोरडी थंडी कोंबडी सोसते, कोंडलेली वाफ तिला मारते. तू चार दिवस बोलली नाहीस माझ्याशी."

"मग?"

"मग मी सांगणं सोडलं."

ती खाटेच्या कडेला टेकली. जेवण झालं की आभाळ बघून येतो म्हणून बाहेर पडणारा माणूस. तिच्याआधी उठून चूल पेटवणारा माणूस. त्या चुलीवरून तिनं शिंपिणीला तीस वर्षं टोमणे मारले होते, 'माझ्या नवऱ्यासारखा नवरा मिळायला नशीब लागतं.' तिनं त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

"अहो, शिंपिणीला कळलं तर?"

"मी कुठं चालत जाऊन सांगणार आहे?" तो म्हणाला.

रविवारी मुलगा आला, तो तोंड सुकवूनच. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाला, "आई, काय बोलायचं होतं?"

चुलीपाशी सुनेचा हात थांबला.

"खुराड्याचं दार खाली घासतंय," मोठीबाई म्हणाली. "बिजागरी बसवून जा."

"फोनवर तर तू म्हणालीस की..."

"फोनवर माणूस काय वाटेल ते बोलतं. हातोडी गोठ्यात आहे."

संध्याकाळी शिंपीण कुंपणाशी हजर होतीच. "लागला का काही पत्ता?"

"लागला. तुझी नजर लागत होती. आता दहा राहिल्यात, त्या तरी मोजू नकोस." बोलता बोलता मोठीबाई तिच्या देखत एकेक बोळा काठीनं ठासत होती, रोजच्यापेक्षा जरा मोठ्यानं ठोकत.

मग ती घरात आली, हात धुतले आणि चुलीकडे न बघता म्हणाली, "बोळे घातलेत. मी आता धार काढायला जाते, मला वेळ लागेल." दारापर्यंत गेली, थांबली. "आणि उद्यापासून सकाळी जरा उशिरानं उठेन म्हणते. थंडी वाढली आहे."

संध्याकाळचं दूध चुलीवर केव्हाचं तापत होतं. सुनेनं त्याच्याकडे पाहिलं, खालचं एक लाकूड मागे ओढलं आणि शाल घेऊन उठली.