पांढरी पिन

मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा. माझ्या पोटात एक टेप अडकून पडली आहे आणि ती आता कुणालाही धड काढता येणार नाही. मित्रांनो, ती तिथे कशी अडकली, एवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे. माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात माझ्यासारखे ढिगाने बनत होते, पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून दुकानात जात होते. तसाच मीही गेलो.

जपानमधल्या नागानो शहरातल्या दुकानातून मला कुसामा मास्तरांनी उचललं. मास्तर डोंगरावरच्या कोमाताकी गावात स्की शिकवत. उताराच्या पायथ्याशीच त्यांचं छोटं पाहुणघर होतं. शहरात ते खरं तर भात शिजवायचा नवा कुकर आणायला गेले होते. घरी पोचल्यावर त्यांनी खोकं उघडलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, फुसाएने, मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "यात किती माणसांचा भात होतो?" त्यानंतरचा सगळा हिवाळा पाहुण्यांनी करपलेला भात खाल्ला आणि फुसाएने प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवून त्याचं कारण सांगितलं.

पण माझं काम पाहिल्यावर तीही नरमली. दिवसा मास्तर उताराच्या खालच्या अंगाला मला घेऊन उभे राहत आणि हात वर करत. हात वर झाला की वरचा माणूस निघे आणि मी त्याला पहिल्या वळणापासून शेवटपर्यंत टिपत असे. संध्याकाळी गरम पाण्याची अंघोळ आणि जेवण उरकून सगळे पाहुणे चटयांच्या खोलीत टीव्हीपुढे बसत. मग मास्तर मला टीव्हीला जोडत.

तोक्योचे इनुई म्हणून एक दातांचे डॉक्टर दर वर्षी येत. आपण हंसासारखे तरंगत उतरतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. पहिल्या संध्याकाळी पडद्यावर एक माणूस कमरेत वाकून, ढुंगण मागे काढून उतरताना दिसला. इनुई हसत म्हणाले, "हा कोण बुवा? संडास शोधतोय की काय?"

"तुम्हीच आहात, डॉक्टर," मास्तर म्हणाले.

खोलीतल्या माणसांनी हसून हसून पोटं धरली. डॉक्टर मात्र हळूच म्हणाले, "परत लावा." वर्षानुवर्षं मास्तर त्यांना कमरेतून वाकू नका म्हणून सांगत होते. मी एका संध्याकाळी ते पटवून दिलं. मित्रांनो, मला त्याचा गर्व होता, आणि तो खोटा नव्हता.

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली. मला टीव्हीला जोडायला दोन पिना असतात. पिवळ्या पिनेतून चित्र जातं, पांढरीतून आवाज. डोंगरावर वारा इतका होता की मास्तरांनी पिना लावताच टीव्ही भुतासारखा घोंघावायला लागला आणि डॉक्टरांच्या हातातली साके, तांदळाची गरम दारू, मांडीवर सांडली. मास्तरांनी पांढरी पिन उपटली. स्कीइंग डोळ्यांनी बघायचं असतं, कानांनी नाही, असं ते म्हणाले. तेव्हापासून त्या घरात फक्त पिवळी पिन लागली. पांढरी रबर लावून गुंडाळलेली असे. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप मागे नेऊन मास्तर तिच्यावरच नवीन चित्रण करत. कालचं स्कीइंग जपून ठेवायची त्यांना चीड होती.

त्यामुळे मला ऐकू येत होतं ते दुसऱ्या कुणालाच कधी कळलं नाही. मास्तर मला डोळ्याला लावत तेव्हा त्यांचं तोंड माझ्या कानाजवळ येई, आणि त्या तोंडातून नकळत शब्द निसटत. एखादी म्हातारी बाई पहिल्यांदा न पडता वळली की ते पुटपुटत, "जमलं की हो आजी." एखादं पोर धाडकन आपटलं की त्यांच्या तोंडून आईगं निघे. आणि समोरचा जवळ येऊन थांबला की घसा खाकरून ते फक्त चूक सांगत. चूक सोडून दुसरं काही नाही. कोमाताकीत रीतच तशी होती. शिकवणाऱ्याने शाबासकी दिली, म्हणजे आता याच्याकडून आणखी काही होणार नाही, असं त्याने ठरवलं, असा तिथे अर्थ काढत. मास्तरांच्या गुरूने त्यांना मरेपर्यंत शाबासकी दिली नव्हती आणि मास्तर ते छाती फुगवून सांगत.

या रीतीचा सगळ्यात जास्त मार बसला तो त्यांच्या मुलीला. चिझुरु तिचं नाव. तिच्या स्पर्धेत घड्याळ लावत नाहीत. किती वेगाने उतरलात याला तिथे किंमत नाही, वळणं किती नेटकी घेतलीत याला पंच गुण देतात. आधीच्या वर्षी जिल्ह्याच्या निवडीत ती अगदी थोडक्यात हुकली होती. ती फेब्रुवारीतल्या पुढच्या निवडीची वाट बघत होती, पण मला माहीत आहे, तिला चषकाशी फारसं घेणंदेणं नव्हतं. निवड झाली की बाबांना एकदा तरी बरं म्हणावंच लागेल, एवढा तिचा हिशोब होता. हे ती आईजवळ बोलली होती, मी शेजारच्या फळीवर असताना.

त्या हिवाळ्यात तिने मला फार वापरलं. उतरायची, घरी यायची, स्वतःला बघायची. चालवायची, थांबवायची, मागे न्यायची. हळूहळू ती पडद्यावरच्या मुलीला 'मी' म्हणेनाशी झाली. "ही बघ, इथे घाबरली," असं म्हणायची. "हिचा हात बघ, मेलीचा." मला ते ऐकून बरं वाटत नसे. आरसा म्हणून माझा उपयोग ठीक आहे, पण दिवसभर आरशापुढे बसणाऱ्या माणसाला मागे काय चाललंय ते दिसत नाही.

निवडीच्या आदल्या आठवड्यात बर्फ थांबायलाच तयार नव्हता. एका दुपारी जरा उघडलं. मास्तर मला घेऊन उताराखाली उभे राहिले, त्यांनी हात वर केला आणि चिझुरु निघाली. मित्रांनो, मी हजारो माणसं उतरताना पाहिली आहेत. तसं उतरताना मी कुणालाही पाहिलं नाही. माझ्या कानाशी मास्तर काहीतरी बोलले. काय, ते पुढे सांगतो. ती जवळ येऊन थांबली, धापा टाकत त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरांनी घसा खाकरला.

"डावा गुडघा," ते म्हणाले. "मागे राहतोय."

चिझुरुने मान हलवली आणि दोघं घरी आले.

घराच्या छपरावर बर्फाचा थर माणसाच्या छातीएवढा झाला होता. पाहुणे संध्याकाळच्या बसने येणार होते आणि फुसाए त्यांना आणायला थांब्यावर गेली होती. कोमाताकीत छपरावर एकट्याने चढत नाहीत. एकाने खाली उभं राहून मधूनमधून हाक मारायची असते आणि वरच्याने ओ द्यायची असते. त्या घरात खाली उभं राहायचं काम नेहमी चिझुरुचं असे. म्हणून ती बूटही न काढता दाराशीच थांबली होती.

"तू आत जा," मास्तर म्हणाले. "गुडघा बघ. उजेड आहे तोवर मी एवढी पुढची बाजू उरकतो."

ती आत आली. कोतात्सुच्या, म्हणजे खालून शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, पांघरुणाखाली पाय घातले, पिवळी पिन लावली आणि टेप चालू केली. डोक्यावर छपरावरून फावड्याचा आवाज येत होता. तिने डावा गुडघा पाहिला. मागे नेऊन पुन्हा पाहिला. तिला चूक सापडत नव्हती. आपल्याच नजरेत काहीतरी कमी आहे, असं समजून ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली आणि तेच वळण पुन्हा लावलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे मोठा धप्प आवाज झाला. टीव्ही हलला, खिडकीतला उजेड गेला. त्या घरात हिवाळाभर तसे आवाज होत. छपरावरचं बर्फ खाली आलं की होतोच. चिझुरुने मान वर केली नाही. तिने टेप मागे नेली.

फावड्याचा आवाज थांबला आहे, हे तिच्या लक्षात आलं ते फुसाए दारातून पाहुण्यांना आत घेत "तुझे बाबा कुठेत?" म्हणाली तेव्हा. मग सगळे धावले. कुणी फावड्याने, कुणी हातांनी बर्फ उपसलं. इनुई डॉक्टर त्याच बसने आले होते. शहरी बुटांतच ते गुडघे टेकून उकरत होते, आणि शेवटी त्यांनीच फुसाएला सांगितलं. दातांचे असले तरी डॉक्टर होते ते.

मी आत, टेबलावर होतो. टेप संपून पडदा निळा झाला होता. तेवढा सगळा वेळ चिझुरु ज्यांनी सांगितलेली चूक शोधत होती, त्यांचाच आवाज माझ्या पोटात फिरत होता, आणि पांढरी पिन रबर लावून तशीच गुंडाळलेली होती.

ती स्पर्धेला गेली नाही. पुन्हा कधी स्कीवर उभी राहिली नाही. तिने मला मास्तरांच्या मफलरमध्ये गुंडाळलं आणि कपाटात, रजयांच्या मागे ठेवून दिलं. टेप माझ्यातच होती. बर्फाळ गावातल्या भिंती आतून ओल्या असतात. माझ्या भिंगावर बुरशी चढली, आतल्या रबराच्या चाकांना चिकटा आला. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण वर्षानुवर्षं माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही.

कपाटाच्या आतून मला घर ऐकू येई. उतारावरची माणसं वर नेणारी यंत्रं बंद पडली, पाहुणे यायचे थांबले. चिझुरु खाली शहरात वृद्धाश्रमात कामाला जाऊ लागली. फुसाएचे डोळे गेले. दर हिवाळ्यात छपरावरून बर्फ पडल्याचा धप्प आवाज झाला की चिझुरु हातातलं टाकून अनवाणी बाहेर पळे. फुसाए आतून शांतपणे म्हणे, "बर्फच आहे गं." तिने मुलीला कधी बोल लावला नाही. लावला असता, तर कदाचित चिझुरुला सोपं गेलं असतं.

शेवटी त्यांनी घर सोडायचं ठरवलं. कपाट रिकामं करताना मी चिझुरुच्या हाताला लागलो. तिचे केस पिकले होते. ती मला हातात धरून खाली बसली. आवराआवर थांबलेली ऐकून फुसाएने विचारलं, काय सापडलं म्हणून. चिझुरुने सांगितलं.

"टेप आहे त्यात?" फुसाए म्हणाली. "लाव."

"मला नाही बघवणार, आई."

"मला तरी कुठे दिसतंय? आवाज लाव."

"याला आवाज नाही. कधीच नव्हता."

"नव्हता, का तुम्ही कधी लावला नाहीत?"

चिझुरु पांढऱ्या पिनेवरचं रबर काढायला गेली तर त्याचे तुकडे झाले. पिन मात्र नव्यासारखी चकचकीत होती. तिने दोन्ही पिना लावल्या. मी सगळा जोर लावून फिरलो. आधी वारा घोंघावला. मग लांबून स्कीची सळसळ, आणि अगदी जवळून मास्तरांचा श्वास.

"आली," मास्तर म्हणाले. ते शिकवतानाच्या आवाजात बोलत नव्हते. "आली बघ. हां. हां... हेच गं बाई, हेच. आता मी काय शिकवू हिला." नाक ओढल्याचा आवाज. स्की थांबल्याचा आवाज. मग खाकरणं, आणि "डावा गुडघा. मागे राहतोय."

चिझुरु सवयीने गुडघ्याकडेच बघत होती.

"आई," ती म्हणाली, "गुडघा मागे नाहीये. एकाही वळणावर नाहीये."

चिझुरुने पुन्हा ऐकायला म्हणून टेप मागे नेली. आणि मित्रांनो, माझी चिकट चाकं टेपला धरून बसली. कर्र झालं, चित्र फाटलं, आवाज मधेच तुटला. तिने माझं झाकण उघडलं तेव्हा टेप चाकांभोवती गुंडाळून, चुरगळून गेली होती. तिने हलकेच ओढून पाहिली, आणखी चिरतेय असं दिसलं तेव्हा हात काढून घेतला आणि ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना ऐकलं.

"राहू दे," फुसाए म्हणाली. "मी ऐकलंय ना. विसरलीस की मला विचारत जा."

दोन हिवाळे चिझुरु विचारत होती आणि फुसाए सांगत होती. आता फुसाएही नाही.

मित्रांनो, स्वतःला बघण्यासाठी आम्हाला जरूर वापरा, त्यात वाईट काही नाही. आम्हाला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून चालवा. पण कुणाचं काही चांगलं दिसलं, तर ते माझ्या कानात सांगू नका. तो माणूस तुमच्यासमोर धापा टाकत उभा असतो, त्याला सांगा. माझा काही भरवसा नाही.